घरांत आलेली तार

शहराचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य तटबंद्यांकडे, देवळांतील शिलालेखांकडे आणि दफ्तरखान्यांतील रुमालांकडे वळतो; जिन्याच्या भिंतीवरून खिळ्यांच्या आधारानें गेलेल्या तारांकडे त्याचें लक्ष जात नाहीं. वास्तविक गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांतील आमच्या मध्यमवर्गाचा कौटुंबिक इतिहास या तारांवर जितका स्पष्ट उमटला आहे तितका तो कागदावर क्वचितच उमटला असेल. पुण्यांतील एखाद्या जुन्या वाड्याच्या बोळांत किंवा गिरगांवांतील चाळीच्या जिन्यांत उभें राहून वर पाहावें. टेलिफोनची तांब्याची जोडी, केबलवाल्याची जाड काळी तार, तिच्या अंगाखालून गेलेली निळी किंवा करडी संगणकी तार, आणि सर्वांच्या वर अगदीं अलीकडे टाकलेली कांचेच्या तंतूची बारीक दोरी, असे थरावर थर तेथें दिसतील. उत्खनन करणारा पंडित मातीच्या थरांवरून काळ सांगतो. तसा या तारांवरूनहि सांगतां येईल.

आज 'आमच्याकडे नेट आहे' असें दहा घरांतून ऐकूं येतें. पण या वाक्याचा अर्थ दहाहि घरीं एकच असतो असें नाहीं. एका घरीं तें टेलिफोनच्या तारेवरून येतें, दुसऱ्या घरीं दूरदर्शनच्या केबलींतून, तिसऱ्या घरीं कांचेच्या तंतूंतून, चौथ्या घरीं मोबाइलच्या मनोऱ्यावरून. आणि डोंगराआडच्या एखाद्या घरीं कदाचित् आकाशांतून. हे भेद केवळ यंत्रशास्त्राचे आहेत अशी समजूत करून घेऊन शहाणीसुरती माणसें हा विषय घरांतील मुलांवर सोंपवितात, व महिन्याचें बिल मात्र स्वतः भरतात. आमच्या मतें हे भेद मुळांत इतिहासाचे आहेत. इंटरनेटसाठीं म्हणून घरापर्यंत तार फार उशीरां आली. तोंवर दुसऱ्याच कोणत्या तरी कामासाठीं टाकलेल्या तारेवर त्यानें आपलें बिऱ्हाड केलें, आणि ज्या तारेवर तें राहिलें तिचे गुणदोष त्याला चिकटले.

या कथेचा आरंभ घराच्या पुष्कळ बाहेर होतो. विल्यम ओशॉघ्नेसी या डॉक्टरनें १८३९ सालीं कलकत्त्यास विजेच्या तारेनें संदेश पाठविण्याचे प्रयोग केले, आणि १८५४ सालीं कलकत्ता, आग्रा व मुंबई हीं शहरें तारायंत्रानें जोडलीं गेलीं. १८७० च्या फेब्रुवारींत 'ग्रेट ईस्टर्न' हें त्या काळचें सर्वांत प्रचंड जहाज मुंबईहून एडनच्या दिशेनें समुद्राच्या तळाशीं केबल सोडीत निघालें. त्याच वर्षीं तांबड्या समुद्रांतून व सुएझवरून मुंबई थेट लंडनशीं बोलूं लागली. तथापि तार म्हणून जी घरांत आली ती तार नव्हेच. तारेचा कागद घेऊन शिपाई दारीं आला. त्याची हांक ऐकून घरांतील बायकांच्या काळजांत धस्स होत असे, हें ज्यांनीं अनुभवलें ते वाचक अद्यापि पुष्कळ असतील. ही सेवा जुलै २०१३ मध्यें सरकारनें बंद केली.

समुद्रांतल्या त्या केबलीची वंशावळ पाहाण्यासारखी आहे. ती टाकणारा कंपन्यांचा समूह पुढें ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी या नांवानें एकत्र झाला. १९२७ सालीं खडकी व दौंड येथील बिनतारी केंद्रांतून इंग्लंडशीं संदेशव्यवहार सुरू झाला, व १९३२ सालीं केबल व बिनतारी हीं दोन्ही कामें एकाच कंपनीच्या हातीं आलीं. १९४७ सालीं सरकारनें ती कंपनी ताब्यांत घेतली. तिच्यांतून परदेश दळणवळणाचें खातें झालें. आणि त्या खात्याचेंच १९८६ सालीं विदेश संचार निगम झालें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं या देशांतील सामान्य माणसास इंटरनेट देणारें तें हेंच निगम. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें दार उघडलें. पण दारामागची वाट व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतच पडलेली होती.

परंतु मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आलेलें हें जग दादरच्या तिसऱ्या मजल्यावर कसें न्यावें? त्यासाठीं तयार असलेली एकच वाट होती, ती टेलिफोनची. ग्रॅहम बेलला पेटंट मिळालें १८७६ सालीं. मुंबईंत टेलिफोनचें पहिलें एक्स्चेंज उघडलें तें २८ जानेवारी १८८२ रोजीं. म्हणजे या यंत्रास मुंबईस पोहोंचावयास सहा वर्षेंहि लागलीं नाहींत. पण तेथून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत शिरावयास त्याला शंभर वर्षें लागलीं. अर्ज केल्यावर वर्षानुवर्षें वाट पाहावयाची, आगाऊ रक्कम भरून नंबर लवकर मिळवावयाचा, आणि तो आल्यावर सगळ्या इमारतीचे निरोप घ्यावयाचे, हा क्रम विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत चालूं होता. अशा रीतीनें मिळविलेली ती तांब्याची जोडी लोकांना दागिन्यासारखी वाटे, यांत नवल नाहीं.

ही जोडी माणसाच्या आवाजासाठीं बेतलेली होती. सेकंदास सुमारें तीनशें ते चौतीसशें आंदोलनें, एवढाच स्वरांचा पट्टा ती व्यवस्था नेई. बोलणें समजण्यास तो पुरतो, गाण्यास पुरत नाहीं, आणि आंकड्यांस तर मुळींच नाहीं. म्हणून मोडेम नांवाचा डबा निघाला. संगणकाचे आंकडे स्वरांत बदलावयाचे, ते स्वर टेलिफोनवर 'बोलावयाचे', आणि पलीकडच्या मोडेमनें त्यांचे पुनः आंकडे करावयाचे, असें त्याचें काम. जोडणीच्या वेळीं जो कर्कश आरडाओरडा ऐकूं येई तो या दोन डब्यांचा परस्परपरिचय होता. १९९५ सालीं वेग होता सेकंदास ९,६०० बिट, आणि व्यक्तीस द्यावी लागे ती वर्गणी हजारांच्या घरांत. शिवाय टेलिफोनचें मीटर पडे तें वेगळेंच. विद्यार्थ्यांसाठीं स्वस्त प्रकार होता, त्यांत केवळ अक्षरें दिसत, चित्रें दिसत नसत. चार मेगाबाइटचें एक गाणें या वेगानें उतरवून घ्यावयाचें म्हटलें तर हिशेबानें पंचावन्न मिनिटें लागतात, आणि तींहि मध्यंतरीं माजघरांत कोणी दुसरा रिसीव्हर उचलला नाहीं तर. तो उचलला जाईच.

प्रारंभींच्या त्या दिवसांत ओळी अपुऱ्या होत्या, नंबर लागत नसे, लागला तर टिकत नसे. तरीहि लोकांनीं तो खटाटोप कां केला? ज्ञानासाठीं असें उत्तर देणें शोभून दिसेल. पण परदेशीं गेलेल्या मुलामुलींची खुशाली हें कारण अधिक खरें असावें असें आम्हांस वाटतें. अमेरिकेस तीन मिनिटें बोलण्यास जो खर्च येई त्याच्या मानानें ई-मेल म्हणजे जवळजवळ फुकटच होती. जे केवळ हौसेनें या नादास लागले त्यांत चित्रपटनट शम्मी कपूर हे अग्रभागीं होते. इंटरनेट वापरणाऱ्यांची देशांतील एक आरंभींची संघटना त्यांनींच काढली. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांस परवानगी मिळाली, दर उतरले, मोडेमचा वेग ५६ हजार बिटांवर गेला, आणि तेथें तो थांबला. आवाजाच्या त्या अरुंद पट्ट्यांतून याहून अधिक कांहीं निघणें शक्य नव्हतें.

वस्तुतः अरुंद होता तो टेलिफोन-व्यवस्थेनें आंखलेला पट्टा. तांबें अरुंद नव्हतें. चार हजार आंदोलनांच्या वर त्याच तारेंत केवढें तरी मैदान मोकळें पडलें होतें. सुमारें अकरा लक्षांपर्यंतचा तो प्रदेश उपयोगांत आणण्याची जी युक्ति, तीच डीएसएल. खालच्या पट्ट्यांत बोलणें आणि वरच्या पट्ट्यांत इंटरनेट, दोहोंमध्यें एक लहानशी गाळणी. त्यामुळें फोन व नेट एकाच वेळीं चालूं लागले. मात्र वरचे स्वर तांब्यांत लवकर विरतात. यास्तव एक्स्चेंजजवळच्या घरास चांगला वेग मिळे, आणि चार-पांच किलोमीटरांपलीकडे बहुधा कांहींच मिळत नसे. एकाच पेठेंत राहाणाऱ्या दोन भावांनीं एकच पैसे भरून निराळा माल घ्यावा, असा हा प्रकार होता. आपल्याकडे जानेवारी २००५ मध्यें मुंबई-दिल्लीस महानगर टेलिफोन निगमनें व इतरत्र भारत संचार निगमनें ही सेवा सुरू केली. आदल्या वर्षींच्या सरकारी धोरणानें सेकंदास २५६ हजार बिट म्हणजे 'ब्रॉडबँड' अशी व्याख्या केली होती. ती व्याख्या २०२३ सालीं वीस लक्षांवर नेण्यांत आली, यावरून मधल्या काळांत माणसाची भूक किती वाढली तें समजतें.

येथें थोडें थांबून एका अक्षराचा विचार करावयास हवा. घरोघर आलेल्या या सेवेचें खरें नांव एडीएसएल; त्यांतील 'ए' म्हणजे असमान. अमेरिकेंतील बेल कंपन्यांच्या प्रयोगशाळेंत काम करणारे जोसेफ लेक्लायडर यांनीं १९८० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, दोन्ही दिशांस सारखा वेग देण्याऐवजीं घराकडे येणारा प्रवाह मोठा व घराकडून जाणारा लहान ठेविला, तर तांब्याच्या जोडीवरून पुष्कळच अधिक नेतां येतें. त्या वेळीं टेलिफोन-कंपन्यांच्या डोळ्यांपुढें घरबसल्या चित्रपट दाखविण्याचा धंदा होता. चित्रपट घरांत यावयाचा. घरानें उलट पाठवावयाचें काय, तर 'अमुक चित्रपट पाहिजे' एवढेंच! हिशेब म्हणून ही युक्ति निर्दोष होती. पण तिच्या पोटांत घराविषयींची एक कल्पना दडलेली होती: घर हें ऐकणारें आहे, बोलणारें नाहीं. टेलिफोनच्या तारेंत दोन्ही टोंकांचा मान सारखा होता. त्याच तारेवर आलेल्या या नव्या पाहुण्यानें एक टोंक मोठें व एक लहान केलें. पुढें केबलीनेंहि तीच रीत उचलली, आणि पंधरा-वीस वर्षें ती कोणास खुपली नाहीं. २०२० सालीं शाळा, कचेऱ्या व न्यायालयें घरांत भरूं लागलीं तेव्हां ती खुपली. गुरुजींचा चेहरा मुलांना स्पष्ट दिसे, पण मुलांचा आवाज तुटक जाई. वकिलाचें म्हणणें अर्ध्यावर गोठे. घराला बोलावयाचें होतें, आणि वाट ऐकण्यासाठीं बांधलेली होती. आजहि जाहिरातींत मोठ्या अक्षरांत जो वेग असतो तो बहुधा येणारा. जाणाऱ्याचा आंकडा विचारल्यावांचून कोणी सांगत नाहीं. तो विचारावा.

केबलवाल्यावर कोणी प्रबंध लिहिल्याचें आमच्या पाहाण्यांत नाहीं. खरें म्हणजे लिहिला गेला पाहिजे. १९९१ च्या आरंभीं आखाती युद्धाचीं दृश्यें उपग्रहावरून येऊं लागलीं, आणि मुंबईच्या गच्च्यांवर मोठाल्या तबकड्या उगवल्या. पुढील वर्षीं खासगी हिंदी वाहिनी आली. व्हिडिओ-कॅसेटीचें दुकान चालविणारा एखादा खटपट्या तरुण गच्चीवर तबकडी बसवी आणि या इमारतीवरून त्या इमारतीवर, रस्त्यावरून, आंब्याच्या फांदीवरून तारा फेंकून अख्खी आळी जोडून टाकी. कोणाची परवानगी? कायदा झाला तो १९९५ सालीं, आणि तोंवर गांवें जोडून झालीं होतीं. टेलिफोनसाठीं सात-आठ वर्षें वाट पाहिलेल्या घरांत ही तार दुपारीं सांगितल्यास संध्याकाळीं येत असे. सरकारी तारेच्या शिस्तीचें आणि या तारेच्या बेशिस्तीचें फळ पाहिलें, तर घरांत लवकर पोहोंचण्याच्या कामीं बेशिस्तीनेंच बाजी मारली, हें कबूल करणें भाग आहे.

ही तार अंगानेंहि वेगळी होती. मध्यें तांब्याचा एक दांडा, भोंवतीं विद्युद्रोधक थर, त्यावर धातूची जाळी, व वर काळें कवच. शेंकडों वाहिन्यांचा भार ती सहज नेई. त्यांतील एखाद-दुसऱ्या वाहिनीची जागा इंटरनेटला दिली कीं काम झालें. दोष इतकाच कीं टेलिफोनची जोडी प्रत्येकाची स्वतंत्र असते, आणि ही तार साऱ्या आळीची सामाईक. दुपारीं भरपूर वेग. रात्रीं नऊ वाजतां सर्वजण एकदमच बसले कीं सार्वजनिक नळावरच्या पाण्यासारखी त्याची धार बारीक होई. पुष्कळ केबलवाल्यांनीं तर या खास मोडेमचाहि खर्च वांचविला. कचेऱ्यांतून संगणक जोडण्यासाठीं जी इथरनेटची तार वापरतात, — रॉबर्ट मेटकाफ यांची ही १९७३ ची कल्पना — तीच त्यांनीं गच्चीगच्चीवरून ओढली. शंभर मीटरांपलीकडे ती चालत नाहीं, म्हणून मधल्या जिन्यांत एकेक डबा टांगला. वळवाच्या पहिल्या पावसांत वीज कडाडली कीं आळींतले निम्मे डबे जळत, आणि केबलवाला शिडी घेऊन रात्रीं अकरा वाजतां हजर होई. त्याला नांवानें हांक मारतां येत असे, ही गोष्टहि त्या सेवेचाच एक भाग होती.

आतां कांचेचा थर. पाण्याच्या धारेंतून प्रकाश वळवून नेतां येतो हें १८४० च्या सुमारास युरोपांत दाखवून झालें होतें. १९५४ सालीं लंडनमध्यें काम करणारे आपले नरिंदरसिंग कपानी यांनीं हॉपकिन्स यांच्यासह कांचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र पलीकडे नेलें. पण अंतर वाढलें कीं प्रकाश विरे. हा दोष कांचेचा नव्हे, कांचेंतील अशुद्धींचा आहे, असें चार्ल्स काव यांनीं १९६६ सालीं सांगितलें; त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें २००९ सालीं. अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीनें १९७० सालीं जो तंतु केला त्यांत एका किलोमीटरनंतर शंभरांतील एक हिस्सा प्रकाश उरत असे, आणि तेवढाहि त्या वेळीं विक्रम ठरला. आजच्या चांगल्या तंतूंत तितकाच प्रकाश विरावयास सुमारें शंभर किलोमीटर जावें लागतें. पुणेकर वाचकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, भारतांत टेलिफोन-केंद्रांना जोडण्यासाठीं पहिला प्रकाशतंतु १९७९ सालीं पुण्यांतच बसविण्यांत आला. म्हणजे ज्या पेठांतून टेलिफोनसाठीं लोक रांगेंत उभे होते, त्यांच्याच शहराच्या जमिनीखालून उद्यांची तार जात होती. तिला घराच्या उंबरठ्यापर्यंत यावयास आणखी चार दशकें लागलीं.

घरांत येणाऱ्या या तंतूची रचना साधी पण मोठी चतुर आहे. केंद्रांतून निघालेला एक तंतु वाटेंत एका पेटींत बत्तीस किंवा अधिक फांट्यांत विभागतात. त्या पेटीस वीज लागत नाहीं. लोलकानें प्रकाश फोडावा तशी ती फोडते. जाणारा व येणारा प्रकाश निरनिराळ्या तरंगलांबीचा असल्यानें एकाच तंतूंतून दोन्ही प्रवास एका वेळीं होतात. तांब्यास गंज चढतो, पावसाळ्यांत सांध्यांत पाणी शिरतें, आणि भंगाराच्या भावासाठीं चोर तें रात्रीं खणून नेतो. कांचेस या तिन्हींचें भय नाहीं, उंदराचें मात्र आहे. दोन्ही दिशांस सारखा वेग देणें येथें सोपें, आणि पुष्कळ ठिकाणीं तो देतातहि. परंतु 'फायबर' या शब्दावर विसंबून राहूं नये. कित्येक इमारतींत फायबर तळमजल्यावरील पेटींत संपतो, आणि तेथून वरचे तीन-चार मजले जुनीच तांब्याची तार चढते. कांच आपल्या स्वतःच्या डब्यापर्यंत येते कीं नाहीं एवढें पाहावें. तसेंच वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. तें घरांतल्या घरांतील वांटप आहे. विहीर आटली असतां घागरीस दोष देण्यांत अर्थ नाहीं.

मनोऱ्यांवरून येणाऱ्या इंटरनेटबद्दल सर्वांनाच अनुभव असल्यानें फार लिहीत नाहीं. सप्टेंबर २०१६ मध्यें एका नव्या कंपनीनें कांहीं महिने तें फुकट वांटलें, आणि लक्षावधि घरांनीं तारेचा थर ओलांडून एकदम हवेंतच उडी घेतली. टेलिफोनची जोडी ज्यांच्या दाराशीं कधीं आलीच नाहीं, त्यांना पहिली जोडणी मिळाली ती हीच. पण मनोरा हाहि सामाईक नळ आहे, आणि तो दिसला पाहिजे ही त्याची अट आहे. २०२० च्या पावसाळ्यांत सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एक विद्यार्थिनी रेंजसाठीं रोज टेंकडीवर जाऊन बसे. भावांनीं तिला तेथें एक खोप बांधून दिली. वर्तमानपत्रांतून ती बातमी कौतुकानें छापून आली. कौतुक मुलीचें खरेंच. पण त्या घरापर्यंत एकहि तार पोहोंचली नव्हती, ही त्या बातमींतील दुसरी बातमी होती. गांवोगांवच्या पंचायतींपर्यंत प्रकाशतंतु नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालींच मंजूर केली होती. पंचायतीपासून डोंगरावरच्या वाडीपर्यंतचें अंतर त्या योजनेच्या नकाशावर नव्हतें.

अशा वाड्यांसाठीं आतां आकाशाकडे पाहाण्यांत येत आहे. जुन्नरच्या बाजूस आर्वी येथें १९७२ च्या सुमारास उभें राहिलेलें विक्रम भूकेंद्र हें आपल्याकडील या मार्गाचें आद्य स्थान. तेथील तबकडी ज्या उपग्रहांशीं बोले ते विषुववृत्तावर सुमारें छत्तीस हजार किलोमीटर उंच. प्रकाशाच्या वेगानेंहि प्रश्न वर जाऊन खालीं येण्यास पाव सेकंद लागतो, आणि उत्तरास दुसरा पाव. अर्ध्या सेकंदाची ही दरी संभाषणांत जाणवते. नवे उपग्रह साडेपांचशें किलोमीटरांवरूनच फिरतात, त्यामुळें ती दरी बुजली; मात्र एकाच्या जागीं हजारों उपग्रह लागतात. अशी सेवा देणाऱ्या स्टारलिंक या अमेरिकन कंपनीस भारत सरकारचा परवाना जून २०२५ मध्यें मिळाला. टेंकडीवरील खोपीस तिची वर्गणी परवडेल काय, हा प्रश्न १८८२ पासून ज्या स्वरूपांत आहे त्याच स्वरूपांत कायम आहे.

दरम्यान शहरांतून जुनें तांबें निघत आहे. तें जातांना एक गुण आपल्याबरोबर नेत आहे, त्याची नोंद येथें करून ठेवतों. टेलिफोनच्या त्या जोडींतून आवाजाबरोबर अठ्ठेचाळीस व्होल्टची वीजहि एक्स्चेंजकडूनच येत असे. तेथें मोठमोठ्या बॅटऱ्यांची खोली असे. यामुळें साऱ्या पेठेंतले दिवे गेले तरी अंधारांत फोन मात्र वाजे. कांचेंतून वीज जात नाहीं. दिवे गेले कीं भिंतीवरचा डबाहि विझतो, आणि त्याच्यावर चालणारा फोनहि मुका होतो. म्हणून हल्लीं पुष्कळ घरीं त्या डब्याच्या शेजारीं एक लहानशी बॅटरी ठेवण्याची चाल पडूं लागली आहे. एक्स्चेंजांतील ती खोली आतां घरोघर, वहीच्या आकाराची होऊन आली आहे, आणि तिचा खर्च ज्याचा त्यानें करावयाचा आहे.